सणाच्या शुभेच्छा आणि शेजारधर्म



वर्ष संपत आले की पुढील वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची अधिसूचना निघते आणि कचेऱ्यांतून ती मोठ्या उत्सुकतेने वाचली जाते. कोणता सण रविवारी येऊन वाया गेला, कोणती सुट्टी शनिवारला जोडून आली, एवढेच बहुधा पाहिले जाते. वस्तुतः ती यादी अधिक लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. हुंड्या आणि धनादेश यांच्या व्यवहारांसाठी १८८१ साली झालेल्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या आधारे निघणाऱ्या त्या एका कागदावर महाशिवरात्र आणि रमझान ईद, महावीर जयंती आणि गुड फ्रायडे, बुद्ध पौर्णिमा आणि मोहरम, पारशी नववर्ष, गुरुनानक जयंती आणि नाताळ ही नावे एकाखाली एक येतात. या सर्वांना मिळून एखादे मोघम नाव देण्यात आलेले नाही. प्रत्येक दिवसाचा उल्लेख त्याच्या स्वतःच्या नावाने होतो.

पाश्चात्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, डिसेंबर महिना आला की 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणावे की 'सुट्टीच्या शुभेच्छा' म्हणावे, असा वाद बरीच वर्षे चालत आला आहे. नाव घेतले तर इतर धर्मीयांस परकेपणा वाटेल, म्हणून नाव गाळावे, असे एका पक्षाचे म्हणणे. हेतू चांगला आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्या समाजात अनेक धर्म पिढ्यानुपिढ्या एकाच पाणंदीवर राहत आले आहेत, तेथे हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटलेला दिसतो. याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावयास नको. ते वसई तालुक्यातच आहे.

वसईचा इतिहास सारा गोड आहे, असे मात्र कोणी समजू नये. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि सुमारे दोनशे वर्षे त्यांच्या ताब्यात राहिला. त्या काळात देवळे पाडली गेली, धर्मांतरे झाली. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्याने मोठे मोल देऊन किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, पण येथील ख्रिस्ती समाज कोठून बाहेरून आलेला नव्हता, त्यामुळे तो कोठे जाण्याचाही प्रश्न नव्हता. तो आपल्या वाडीत, आपल्या विहिरीच्या काठी राहिला. सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती, म्हणजेच कुपारी, यांची बोली आजही एकच आहे. तिला कोणी सामवेदी म्हणतात, कोणी कादोडी. वाडवळ आणि कोळी समाजांतही हिंदू आणि ख्रिस्ती अशी दोन्ही घरे आढळतात. देव्हारा वेगळा झाला. पाटाचे पाणी, केळीची लागवड आणि घरातली भाषा यांत फरक पडला नाही.

'नाताळ' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ जन्म असा आहे. ('पगार' हा शब्दही पोर्तुगीजांचीच देणगी होय, त्याचे परकेपण मात्र कोणास खुपल्याचे ऐकिवात नाही.) ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत फादर स्टीफन्स यांनी 'ख्रिस्तपुराणा'त सांगितली, ते पुराण १६१६ साली छापले गेले. चारशे वर्षांहून अधिक काळ जी कथा मराठीत सांगितली जात आहे, तिच्या सणाला मराठी माणसाने त्याच्या नावाने शुभेच्छा देण्यात संकोच वाटावा, असे काही नाही.

वसईच्या वाड्यांतील ख्रिस्ती शेतकरी मोगरा, सोनचाफा, जास्वंद यांची लागवड करतात आणि पहाटेच्या गाडीने ती फुले मुंबईला, दादरच्या बाजारात जातात. तेथून ती गणपतीच्या मखरात पोहोचतात. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळ येथे यात्रा भरते. शंकराचार्यांची समाधी म्हणून ते स्थान पूजिले जाते. जवळच ख्रिस्तमंदिर आहे. या यात्रेला हिंदू भाविकांच्या बरोबरीने आसपासच्या ख्रिस्ती गावांतील कुटुंबेही मुलाबाळांसह येतात. सुकेळी, म्हणजे वसईची वाळविलेली केळी, घेतल्यावाचून सहसा कोणी परतत नाही. समाधीपुढे कोणी हात जोडावे आणि कोणी जोडू नयेत, याची चौकशी यात्रेत कोणी करीत नाही. दुसऱ्याच्या सणात सामील होणे म्हणजे आपला धर्म सोडणे नव्हे, ही गोष्ट येथील माणसाला कोणी व्याख्यान देऊन शिकविलेली नाही.

दिवाळीत फराळाचे ताट ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जाते. नाताळात त्याच्या घरून करंज्या, कलकल, नानकटाई आणि केक यांचे ताट येते. आलेले भांडे रिकामे परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालावी, ही मराठी घरांतील जुनी रीत या देवाणघेवाणीच्या मुळाशी आहे. आपल्याकडील शुभेच्छा पूर्वापार हातातून हातात जात आल्या आहेत. संक्रांतीला तिळगूळ, दसऱ्याला आपट्याची पाने, ईदेला शिरखुर्मा. लंडनमध्ये १८४३ साली नाताळचे पहिले छापील शुभेच्छापत्र निघाले. त्याचे अनुकरण पुढे येथेही झाले आणि आता भ्रमणध्वनीवरील संदेशाने त्या पत्राचीही जागा घेतली आहे. एकच वाक्य पाचशे जणांस एका क्षणात धाडता येते. त्यात वाईट काही नाही, पण ताट पाठविणाऱ्याला जे ठाऊक असावे लागते ते संदेश पाठविणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज उरत नाही. जैन शेजाऱ्याला कंदमुळाचा पदार्थ चालत नाही, श्रावणात अनेक हिंदू घरे सामिष वर्ज्य करतात, मद्य घातलेला केक मुसलमान घरी पाठवू नये, उपवासकाळातील शुक्रवारी कॅथलिक कुटुंब मांस खात नाही. ताट भरणाऱ्या गृहिणीला हे सारे पाठ असते.

या संदर्भात वसईच्याच भूमीतील एका शिलालेखाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यात मिळाला. पुढे १९५६ साली भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. हा नववा लेख मंगलकार्यांविषयी आहे. आजारपणात, विवाहात, अपत्यजन्माच्या वेळी, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारची मंगले करतात, ती करावीत, पण त्यांचे फळ थोडे असते, असे त्यात सम्राटाने म्हटले आहे. दास आणि सेवक यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम, श्रमण व ब्राह्मण यांना दान, यांना तो धर्ममंगल म्हणतो. आठव्या लेखात राजाच्या मृगयेच्या सहली बंद होऊन धर्मयात्रा सुरू झाल्याचे सांगितले आहे. त्या यात्रांत ग्रामीण जनांची भेट घेणे हाही एक भाग होता. तालुक्यात दौऱ्यावर जाणाऱ्या अधिकाऱ्यांनी हा लेख अवश्य वाचावा.

नावाने शुभेच्छा द्यावयाच्या तर तो दिवस कसला आहे हे माहीत असावे लागते, आणि येथेच सुशिक्षितांची गफलत होते. गुड फ्रायडे हा येशू ख्रिस्ताच्या क्रूसावरील मरणाचा दिवस आहे. त्या दिवशी ख्रिस्ती मनुष्यास आनंदाच्या शुभेच्छा देणे म्हणजे श्राद्धाच्या घरी जाऊन अभिनंदन करण्यासारखे आहे. मोहरमच्या दहाव्या दिवशी करबलाच्या शोकाचे स्मरण असते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारा मनुष्य अभिवादनासाठी जात असतो. पर्युषणाच्या अखेरीस जैन बांधव 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणतात, ते अभीष्टचिंतन नसून क्षमायाचना असते, आणि तिला उत्तर क्षमेनेच द्यावयाचे असते.

शिक्षकांना येथे मोठे क्षेत्र आहे. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच का येतो आणि ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे का सरकते, हा भूगोलाच्या तासाचा उत्तम विषय होय. हिजरी वर्ष केवळ चंद्राचे, सुमारे ३५४ दिवसांचे. आपले पंचांग अधिक मास घालून चंद्राची सूर्याशी सांगड घालते. ईस्टरचा रविवार वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेवरून ठरतो. म्हणूनच तो चैत्री पौर्णिमेच्या आसपास पुष्कळदा येतो. वर्गातील ज्या मुलाच्या घरी सण आहे त्यालाच त्या दिवशी परिपाठात दोन मिनिटे बोलू द्यावे. मात्र त्याने सांगावे ते घरी काय करतात एवढेच. आपल्या धर्माची बाजू मांडण्याचे ओझे दहा वर्षांच्या मुलावर टाकू नये.

व्हॅटिकनमधील आंतरधर्मीय संवादाचे कार्यालय १९६७ पासून रमझानच्या निमित्ताने मुसलमानांना आणि १९९५ पासून दिवाळीच्या निमित्ताने हिंदूंना नावानिशी शुभेच्छा पाठवीत आले आहे. वसईत हे काम एका मराठी मासिकानेही केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ पर्यंत 'सुवार्ता'चे संपादन केले आणि ते मासिक चर्चच्या आवाराबाहेरील वाचकापर्यंत नेले. वसईतील वाड्या, विहिरी आणि पाणी वाचविण्याच्या चळवळीत ते हिंदू शेतकऱ्यांबरोबर उभे राहिले. २०२० सालच्या, उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला. संमेलन तरीही पार पडले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले.

आता परिस्थिती पालटली आहे. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या बारा लाखांवर गेलेली होती. देशाच्या सर्व भागांतून आलेली कुटुंबे नालासोपारा, विरार, नायगाव येथील इमारतींत राहतात. त्यांना छठपूजा ठाऊक आहे, ओणम ठाऊक आहे. पण समोरच्या वाडीतील क्रूसापुढे मेणबत्त्या का लागल्या आहेत, हे ठाऊक नाही. वाडीतल्या जुन्या माणसालाही छठ म्हणजे काय ते नीट माहीत नसते. अशा अनभिज्ञतेतून लगेच वैर निर्माण होत नाही, हे खरे. परंतु ध्वनिक्षेपकावरून कुरबूर झाली किंवा एखादी अफवा उठली की त्या वेळी ज्याच्याकडे जाऊन विचारावे असा ओळखीचा मनुष्य पलीकडे नसतो. चौकाचौकांतील शुभेच्छाफलकांनी ही उणीव भरून निघत नाही. त्यांवर शुभेच्छा देणाऱ्याचे छायाचित्र मोठे आणि सणाचे नाव लहान असते.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ५१(क) मध्ये धार्मिक, भाषिक, प्रादेशिक भेदांच्या पलीकडे जाऊन सामंजस्य व बंधुभाव वाढीस लावणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून १९७६ साली नमूद झाले. ते प्रत्यक्षात आणण्यास निधी लागत नाही. शांतता समितीची बैठक बहुधा बंदोबस्ताच्या चिंतेने, सणाच्या चार दिवस आधी बोलावली जाते. तीच बैठक जानेवारीत बोलावून सुट्ट्यांची यादी पुढे ठेवावी आणि प्रत्येक समाजाच्या सदस्याने आपल्या दिवसांपुढे तो आनंदाचा, उपवासाचा की शोकाचा, एवढे लिहून द्यावे. ग्रामसभा, परीक्षा आणि लसीकरणाच्या फेऱ्या ठरविताना तो कागद समोर असावा. त्याची एकेक प्रत शाळेत, पंचायतीच्या फलकावर आणि गृहनिर्माण संस्थांच्या सूचनाफलकावर लावावी. यादीत नसलेली निर्मळची यात्रा, छठपूजा आणि गावोगावच्या ख्रिस्तमंदिरांचे सण त्याच कागदावर खाली हाताने लिहून घ्यावेत.