प्रोग्रॅम कुणाची वाट बघतोय?



स्वागत समितीच्या वतीने तुम्हा सर्वांचे पुण्यात मनापासून स्वागत. स्वागताध्यक्षाने गावाची थोरवी सांगावी, पेशव्यांपासून सुरुवात करून हिंजवडीपर्यंत यावे, असा प्रघात आहे. हिंजवडीची थोरवी तुम्ही वाहतुकीत अडकून अनुभवलीच असेल, म्हणून मी थेट विषयाकडे वळतो: लिनक्स कर्नेलमधले ट्रेसपॉइंट, म्हणजे त्याच्या कोडमध्ये ठरावीक जागी ठेवलेली नोंदीची ठिकाणे, आणि आपल्याच प्रोग्रॅममधून त्यांचा मोजमापासाठी करायचा उपयोग. स्वागताध्यक्षाने एवढ्या खोलात जाऊ नये, असे समितीतल्या काहींचे म्हणणे होते. मी ते मानले नाही.

प्रोग्रॅम मंद चालतो म्हटले की आपल्याकडे पहिली मागणी नव्या सर्व्हरची होते. एका पतसंस्थेचे उदाहरण सांगतो, नाव राहू द्या. रात्रीची व्याज-आकारणी सकाळी शाखा उघडली तरी संपायची नाही. ‘टॉप’ लावून पाहिले तर प्रोसेसर बराचसा मोकळा. तरीही जास्त कोअरच्या यंत्राचे कोटेशन मागवून झाले होते. मग शेड्युलरचा ‘स्केड_स्विच’ हा ट्रेसपॉइंट चालू केला. प्रोसेसरवरून एक काम उतरून दुसरे चढले की तो एक ओळ लिहितो: उतरणाऱ्याचे नाव, क्रमांक, उतरतानाची अवस्था, आणि आता कोण चढले. आकारणीच्या प्रोग्रॅमच्या ओळीमागून ओळी आल्या, त्यांत अवस्थेच्या रकान्यात ‘डी’ आणि चढणाऱ्याच्या जागी ‘स्वॅपर’. तिथे ‘आर’ असते तर अर्थ झाला असता की प्रोग्रॅमला काम करायचे होते, पण प्रोसेसर काढून घेतला गेला; मग जादा कोअर कामी आले असते. ‘डी’ म्हणजे मध्येच उठवता न येणारी झोप, बहुधा डिस्कपायी. स्वॅपर चढला म्हणजे त्या कोअरला दुसरे कामच नव्हते. पुढे ब्लॉक थरातले, विनंती डिस्ककडे गेल्याचा आणि ती पूर्ण झाल्याचा, असे दोन ट्रेसपॉइंट जोडून पाहिले. दर खात्यामागे एक ‘एफसिंक’, म्हणजे नोंद डिस्कवर उतरेपर्यंत थांबणे, होत होता. नोंदी गठ्ठ्याने लिहायला लावल्या आणि कोटेशन फाइलला लागले.

ही सोय लिनक्सवर पहिल्यापासून नव्हती. सोलारिस १० बरोबर २००५ साली चालत्या यंत्रणेत डोकावू देणारे डीट्रेस आले, तेव्हा लिनक्सवाल्यांना हेवा वाटावा अशीच परिस्थिती होती. केप्रोब होते २००४ पासून. कर्नेलच्या जवळजवळ कुठल्याही सूचनेवर त्याने थांबता येते, पण पुढच्या आवृत्तीत फंक्शनचे नाव बदलले की सगळे मुसळ केरात. मॅथ्यू देन्वाये यांचे ट्रेसपॉइंट २००८ च्या अखेरीस २.६.२८ मध्ये आले. ट्रेसपॉइंट ही एसटी स्थानकातली वाहतूक नियंत्रकाची खिडकी आहे. गाडी कुठल्याही रस्त्याने येवो, नोंद तिथेच होणार. शिवाय ट्रेसपॉइंट बंद असताना त्या जागी नुसती ‘नोप’, म्हणजे काहीच न करणारी सूचना, असते. चालू केला की कर्नेल धावत्या कोडमध्येच तिथे उडी बसवतो.

कोडमधून वापरायचा तर ट्रेसएफएसमधल्या त्याच्या डिरेक्टरीतली ‘आयडी’ फाइल वाचायची, तो आकडा ‘पर्फ_इव्हेंट_ओपन’ला द्यायचा आणि मिळालेला डिस्क्रिप्टर एममॅप करायचा. नुसती मोजदाद हवी असेल तर एममॅपही नको, रीड पुरे. जीलिबसीत याला तयार फंक्शन नाही, थेट ‘सिसकॉल’ करावा लागतो. नवशिक्यांचा अर्धा दिवस इथेच जातो. परवानगीचे दुखणे मात्र २०२० च्या ५.८ आवृत्तीपासून हलके झाले. ‘कॅप_पर्फमॉन’ हा वेगळा अधिकार आल्यामुळे निव्वळ मोजमापासाठी रूटच्या साऱ्या किल्ल्या हाती देण्याची वेळ कमी येते.

एक मात्र जपा. कोणता रकाना कितव्या बाइटवर आहे हे ‘फॉरमॅट’ फाइल सांगते. ते डोक्यात किंवा कोडमध्ये कोरून ठेवू नका. वीजवापर तपासणाऱ्या पॉवरटॉप या प्रोग्रॅमने तसे केले होते. २०११ मध्ये कर्नेलवाल्यांनी निरुपयोगी झालेला ‘लॉक_डेप्थ’ हा रकाना काढला आणि पॉवरटॉप कोलमडले. शेवटी त्या जागी रिकामा रकाना भरून द्यावा लागला. वापरकर्त्याचा प्रोग्रॅम मोडायचा नाही हा लायनस टोरवाल्ड्स यांचा दंडक. त्याची किंमत कर्नेलने चार रिकाम्या बाइटांत मोजली. म्हणूनच काही जुनेजाणते मेंटेनर आपल्या भागात ट्रेसपॉइंट घालू द्यायला नाखूश असतात. मला त्यांचे म्हणणे पटते.

सगळेच ट्रेसपॉइंट चालू करून फाइल भरत बसणाऱ्यांचे मात्र पटत नाही. गजबजलेल्या सर्व्हरवर एकटा ‘स्केड_स्विच’ रिंग बफर तुडुंब भरतो आणि मग नोंदी गळतात. त्यावर उपाय आहे: २०१६ च्या ४.७ पासून ईबीपीएफचा, म्हणजे कर्नेलच्या आत चालणारा छोटा प्रोग्रॅम ट्रेसपॉइंटला जोडता येतो, बेरीज कर्नेलमध्येच होते आणि आपल्याकडे फक्त तक्ता येतो. माझा आग्रह एवढाच की मोजक्या दोन-तीन ट्रेसपॉइंटची अशी बेरीज प्रोग्रॅमने स्वतःच, रोज ठेवावी. तक्रार आल्यावर बाहेरून यंत्रणा लावायला जावे, तोवर रात्रीचे काम संपलेले असते.

शेजारच्या दालनात प्रात्यक्षिकांची यंत्रे मांडली आहेत. लॉगिन स्वयंसेवकांकडे मिळेल. तिथल्या डिस्क मुद्दाम जुन्या, फिरत्या ठेवल्या आहेत, म्हणजे ‘डी’ शोधत हिंडावे लागणार नाही. जेवण दीड वाजता. आता उद्घाटकांनी बोलावे, अशी त्यांना विनंती करतो.