उसातला बिबट्या मोजायचा कसा?

शेवगावात बिबट्या दिसल्याची बातमी उठली, की संध्याकाळपर्यंत एकाचे चार होतात. नेमका आकडा हवा असेल तर कॅमेऱ्यालाच विचारावं. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी शेतशिवारात कॅमेरे लावले. 2013 साली निष्कर्ष छापून आले: शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे, आणि जवळपास तितकेच तरस! तेही दाट वस्तीच्या बागायती मुलखात. तरसाची मात्र बातमी होत नाही.

समोर उबदार अंग हललं, की कॅमेऱ्यातला सेन्सर फोटो टिपतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याच्या उंचीवर एकेक कॅमेरा बांधतात. कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे ठिपके वेगवेगळे असतात आणि ओळख पटते ती त्यांवरूनच.

कॉलेजच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या आवारात हे करायचं, तर आधी वन विभागाशी बोला. समोरचं गवत कापा, नाहीतर वाऱ्यावर डुलणाऱ्या पात्यांचेच शेकडो फोटो येतील. एप्रिल-मेच्या उन्हात हवा अंगाइतकी तापते, तेव्हा सेन्सरही फसतो. माणसंही फोटोत येतात, म्हणून तसा फलक लावा. आणि बिबट्या प्रत्यक्षच दिसला, तर वन विभागाचा क्रमांक आहे 1926.