हात हेही ज्ञानेंद्रिय आहे

(पुण्यातील एका पेठेत भरणाऱ्या उन्हाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतलेले.)



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली या शहरात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला आणि तेव्हापासून पेठोपेठी जी व्याख्यानांची वहिवाट पडली, तीत वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत बहुतेक सर्व विषयांची वर्णी लागली. परंतु बिघडलेला मिक्सर हा विषय एखाद्या व्यासपीठावर सन्मानाने येऊन बसल्याचे माझ्या पाहण्यात नाही. (हशा) आपण हसलात याचा मला विषाद नाही. उलट, या हशातच माझ्या आजच्या प्रतिपादनाचे बीज आहे, आणि म्हणून त्याच्यापासूनच आरंभ करतो. मिक्सर रोज आपल्या घरी चालतो, त्याच्या वाटणावर आपला पिंड पोसला जातो, आणि तरीही त्याचे नाव सभेत निघताच हसू येते. याचे कारण असे की, हाताने करावयाचे काम विचाराच्या दरबारात हजर करण्याच्या योग्यतेचे नाही, हा दंडक आपल्या मनाच्या दप्तरात फार जुन्या शाईने लिहिलेला आहे.

निमंत्रणपत्रिकेवर विषय छापला आहे तो ‘व्हिडिओ पाहून घरच्या घरी दुरुस्ती’ असा. चिटणीसांनी तो योग्यच छापला. परंतु मला खरोखर बोलावयाचे आहे ते हाताविषयी. सांख्यांनी इंद्रियांची वाटणी केली तेव्हा डोळा, कान, नाक, जीभ आणि त्वचा ही पाच ज्ञानेंद्रियांच्या पंक्तीला बसविली आणि हात मात्र कर्मेंद्रियांच्या पंक्तीला, पायांच्या शेजारी, बसविला. त्या थोर दर्शनाविषयी पूर्ण आदर बाळगून मी असे म्हणतो की, ही वाटणी पुन्हा तपासून पाहण्याची वेळ आली आहे. कोणी म्हणेल, स्पर्श तर त्वचेकडे आहेच. होय, परंतु वस्तू अंगाला येऊन भिडली म्हणजे ती थंड की गरम एवढेच त्वचा सांगते. स्क्रू किती बसला, आटे झिजले आहेत की शाबूत आहेत, बेअरिंग फिरताना कोठे अडखळते, ही वार्ता वस्तूला बळ लावल्यावाचून मिळत नाही. आणि बळ लावून जाणणे हे हाताचेच काम आहे.

हे व्हिडिओ कसे शोधावे, कसे थांबवून थांबवून पाहावे, ही माहिती आता घरोघरी नातवंडांनीही आजोबांना दिली आहे. तीत आपला वेळ दवडत नाही. महत्त्वाचे आहे ते निराळेच. कसबा पेठेतल्या तांबट आळीवरून जाताना तांब्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज आपण सर्वांनी ऐकला आहे. आवाज साऱ्या पेठेला; ठोका मात्र शतकानुशतके घरातल्या मुलालाच. सुताराची पटाशी, लोहाराचा भाता, कल्हईवाल्याचा नवसागर आणि कथील, यांचे मर्म जातीच्या आणि कुळाच्या उंबऱ्याआड राहिले. ग्रंथ लिहिणाऱ्याच्या हाती पटाशी नव्हती आणि पटाशी धरणाऱ्याच्या हाती लेखणी येऊ दिली गेली नव्हती; त्यामुळे हाताचे ज्ञान ग्रंथात उतरले नाही, आणि जे ग्रंथात नाही ते ज्ञानच नव्हे, असा उलटा निवाडा आपण देऊन बसलो. आज एखादा कारागीर मोबाइल एका स्टुलावर टेकवून आपले दोन हात जगापुढे उघडे ठेवतो, आणि पाहणाऱ्याची जात विचारीत नाही, इयत्ता विचारीत नाही, फी मागत नाही. ही मी सामान्य घटना मानत नाही.

चित्र पाहून यंत्र शिकण्याची परंपरा मराठी माणसाला परकी आहे असेही नव्हे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार होण्यासाठी गेले, आणि काही रंगांमधला भेद आपल्या डोळ्यांना कळत नाही असे ध्यानात आल्यावर त्यांना रंगांचा नाद सोडून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळावे लागले. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान निघाले, आणि परदेशी यांत्रिक नियतकालिके मागवून, त्यांतली चित्रे न्याहाळून, लक्ष्मणरावांनी यंत्रविद्या आत्मसात केली. तिच्यातूनच पुढे लोखंडी नांगर निघाला आणि १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. डोळ्याने ज्याला दगा दिला त्याला हाताने तारले, असे मी म्हणतो. आणि ते छापील चित्र स्थिर होते, हे विसरू नका. चाक कोणत्या दिशेने फिरते हे त्यांना बुद्धीने ताडावे लागे. आपल्याला ते चाक फिरताना दिसते, आणि तरीही आपण मिक्सर बंद पडला की तो भंगारात देतो.

मिक्सरची हकिकत आता सांगतोच. ती दोन मिनिटांत सांगण्याचा बेत होता. काही वर्षांपूर्वी गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरचा मिक्सर ओल्या खोबऱ्याचे वाटण अर्धे झाले असताना थांबला. बुडाशी असलेले लाल बटण दाबून झाले. चालू झाला नाही. एका दुकानात नेला तर त्यांनी तो न उघडताच, ‘नवीनच घ्या, काका’ असा सल्ला दिला. न उघडता दिलेला तो निकाल मला मान्य होईना. त्या रात्री मी एक व्हिडिओ पाहिला. हिंदी बोलणारा कोणी तरुण होता. त्याचा चेहरा एकदाही दिसला नाही, फक्त हात दिसले, आणि एका अंगठ्याचे नख मार लागून काळे पडलेले होते. ते नख पाहून माझा त्याच्यावर विश्वास बसला. (हशा) त्याने सांगितले की, रबरी पायांच्या आत स्क्रू आहेत, होते. त्याने सांगितले की, वरच्या कपलरचे आटे उलटे आहेत, तो उजवीकडे फिरवला म्हणजे सुटेल, सुटला. आत मोटरच्या फिरत्या तांब्याच्या कड्याला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगने दाबून धरलेले कार्बनचे दोन तुकडे असतात. त्यांच्यातून वीज फिरत्या भागात जाते, आणि ते घासून घासून आखूड झाले की स्पर्श तुटतो व मोटर निपचित पडते. आमचे दोन्ही तुकडे हरभऱ्याएवढे उरले होते. इतक्या वर्षांच्या चटण्या-वाटणांची ती झीज तळहातावर घेऊन मी बराच वेळ पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी तुकडे खिशात टाकून बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. दुकानदाराने मिक्सर कोणत्या कंपनीचा हे विचारले नाही. त्याने तुकडा चिमटीत धरला, अंगठा एकवार कडेवरून फिरवला, आणि मागच्या शेकडो डब्यांतून नेमका एक डबा काढला. मी विचारले, मोजून नाही पाहिले? तो म्हणाला, ‘मोजलं की आत्ता.’ (टाळ्या) त्याच्या या तीन शब्दांना आपण टाळ्या दिल्यात, त्या मी त्याच्याकडे पोहोचत्या करीन.

घरी येऊन जोडणी केली, आणि शेवटचा स्क्रू आवळताना माझ्या हातून आतला प्लास्टिकचा खांब तडकला. व्हिडिओतला तरुण त्या वेळी ‘हल्का हाथ’ एवढेच म्हणाला होता. मी ते दृश्य अनेकवार मागे नेऊन पाहिले. हलका म्हणजे किती, हे कोठेच दिसेना. कारण ते दिसण्याजोगे नव्हतेच! शेजारच्या इमारतीत एक निवृत्त फिटर राहत होते, पिंपरीच्या कारखान्यात हयात घालवलेले. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी काही समजावले नाही. एक स्क्रू लाकडात धरला, स्क्रू ड्रायव्हर माझ्या हातात दिला, माझ्या हातावर आपला हात ठेवला, आणि फिरवीत नेऊन एका क्षणी थांबून म्हणाले, ‘इथं तो म्हणतो, पुरे. ऐकू आलं? आता फक्त पाव फेरा.’

आणि मग त्यांनी चेतकच्या गोष्टी काढल्या. १९७२ पासून बजाजची ती स्कूटर आपल्या आकुर्डीत बनू लागली. सकाळी वाड्यांच्या बोळांत ती एका अंगावर कलती करून किक मारणारे गृहस्थ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी हात वर करावेत... जवळजवळ सारे सभागृहच आहे! (हशा) प्राध्यापक, वकील, कारकून, सर्वांना प्लग काढून पॉलिश पेपरने घासता येत असे, पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण साधता येत असे, आणि धोतराला काळा डाग लागला म्हणून कोणाची प्रतिष्ठा उणी होत नसे. कोणी तरी मागून सांगते आहे की, डागाचा जाब घरी द्यावा लागे. (मोठा हशा) तो द्यावा लागला असेल. पण एक सबंध शहर आपले वाहन हाताने ओळखीत होते. पुढे यंत्रे बंदिस्त झाली, त्यांच्यावर ‘उघडल्यास हमी रद्द’ अशी फर्माने चिकटली, आणि हात विसरत गेले.

माझ्याकडे एक चिठ्ठी आली आहे. लिहिणाऱ्यांनी विचारले आहे, ‘आपण सर्वच घरी दुरुस्त करू लागलो तर नाना पेठेतल्या मेकॅनिकने काय खावे?’ प्रश्न कठोर आहे, आणि मला तो लागला, हे लपवीत नाही. कारण त्या कारागिराच्या मानासाठीच मी आज येथे उभा आहे. आपल्या शहरात सवाई गंधर्व महोत्सवाला हजारो लोक बसतात. त्यांत ज्याने चार महिने का होईना तंबोरा धरलेला असतो, तो गवयाचे पोट मारतो काय? तोच खरा कानसेन होतो आणि अवघड जागेला दाद देतो. ज्याने एकदा स्वतः खांब तडकवला आहे तो मेकॅनिकशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालीत नाही. आणि मेकॅनिकही त्याला फसवू शकत नाही. कारागिराच्या पोटावर पाय येतो तो न उघडता नवीन घेणाऱ्यांमुळे. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि मुलांना सुतारकाम, वेल्डिंग, वायरिंग करीत करीत विज्ञान शिकवले. तेथे शिकलेला मुलगा कामाची किंमत जाणणारा होतो, कारागिराला बेकार करणारा नव्हे.

दुसरी चिठ्ठी चिटणीसांची आहे: आठ मिनिटे. मोटारीचा सबंध भाग अद्याप राहिला आहे, आणि जाहीर विषयात तोही येत असल्यामुळे ओझरता तरी घेतलाच पाहिजे. बॅटरीच्या टोकांवर साचलेला पांढरट-हिरवा थर सोड्याच्या पाण्याने धुणे, हवेची जाळी बदलणे, वायपर, दिवे, पंक्चर झालेले चाक, ही कामे कोणासही व्हिडिओ पाहून साधतील. आजच्या गाड्यांना स्टिअरिंगखाली सोळा टोकांचा एक सॉकेट असतो; त्यात एक छोटे उपकरण लावले की गाडी आपल्या तक्रारीचा संकेतांक मोबाइलवर सांगते. पण संकेतांक म्हणजे निदान नव्हे. ताप किती हे कळले म्हणून रोग कळला असे होत नाही.

आता वेळ संपला तरी पुढचे सांगितल्यावाचून मी खाली उतरणार नाही. कोणतेही उपकरण उघडण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढा. बटण बंद केले एवढ्यावर विसंबू नका. मायक्रोवेव्ह उघडू नका. त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही प्राणघातक विद्युद्भार धरून बसतो. फ्रीजची वायूची नळी कापू नका. नव्या फ्रीजमधला आर-६०० ए हा वायू ज्वालाग्राही आहे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण खोलू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. ब्रेक आणि एअरबॅग यांना घरी हात लावू नका. ज्या कामात चूक झाली तर खांब तडकतो ते आपले. ज्या कामात चूक झाली तर माणूस जातो ते अनुभवी हाताचे. हा विवेक ज्याच्यापाशी नाही त्याने माझे व्याख्यान ऐकलेच नाही, असे मी समजेन.

कायद्याविषयी टिपणे आणली होती, ती गुंडाळतो. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न हाती घेतला. त्यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात राष्ट्रीय ग्राहक दिनी एक संकेतस्थळही उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल, गृहोपयोगी वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात धरली आहेत. सुट्टे भाग आणि माहितीपुस्तिका मिळणे हा मालकाचा अधिकार आहे, यासाठी झगडलेच पाहिजे. परंतु उद्या सरकारने सर्व कुलुपे उघडून दिली आणि उघडणारा हातच घरात उरला नाही, तर तो अधिकार कोणी बजावावयाचा?

घंटा झाली. अध्यक्षमहाराज, एकच मिनिट.

ते फिटर आता हयात नाहीत. त्यांच्या हातांचा एकही व्हिडिओ कोणी घेतला नाही, मीही नाही. याची खंत मला आहे, आणि म्हणून आपणांस विनंती आहे की, आपल्या ओळखीतल्या जुन्या हातांची कामे मोबाइलवर घेऊन ठेवा, आणि ती मराठीत बोलती ठेवा, म्हणजे ‘आटे’, ‘कानस’, ‘पक्कड’ हे शब्दही वाचतील. पण तेवढ्यावर थांबू नका. पाव फेरा व्हिडिओत उतरत नाही. तो माझ्या बोटांत आहे, कारण एका संध्याकाळी कोणी तरी माझ्या हातावर हात ठेवला होता. सुट्टी चालू आहे. घरात मुले आहेत आणि बंद पडलेली एखादी वस्तू माळ्यावर आहेच. ती खाली काढा, प्लग काढलेला असल्याची खात्री करा, मुलाला जवळ बसवा, आणि स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात देऊन त्याच्या हातावर आपला हात ठेवा.

(टाळ्या)