केडगावचा वारसा आणि कलम ३७७

(तळेगाव ढमढेरे येथील साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने आधी भाषेची काळजी करायची आणि मग तरुण पोरं वाचत नाहीत म्हणून हळहळायचं, असा रिवाज आहे. ती काळजी तुम्ही माझ्यावाचूनही कराल. मी आज एक अडचणीचा विषय काढणार आहे. ख्रिस्ती माणूस सार्वजनिक कामात उतरतो तेव्हा कोणाच्या बाजूने उभा राहतो, आणि समलिंगी माणसांचा प्रश्न आला की अडखळतो का? मी स्वतः ख्रिस्ती घरातला आहे, तेव्हा ही घरातलीच तक्रार समजा.

विषय इथे काढायला कारण आहे. न्हावऱ्यावरून चौफुल्याचा रस्ता धरला आणि भीमा ओलांडली की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. शिरूरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं त्याच्याही कितीतरी आधी आलेलं. दुष्काळात उघड्यावर पडलेली मुलं, केशवपन केलेल्या बायका, घराने टाकलेल्या लेकी यांना आसरा देणारी ख्रिस्ती चळवळ शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. तिच्यावर टीकाही झाली. रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं आणि १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून एवढा गदारोळ उठला की पालकांनी मुली काढून नेल्या. तो आरोप निव्वळ हवेतला होता असं मी म्हणणार नाही. बाईंना आपला धर्म प्यारा होता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. पण समाजाने ज्यांच्या तोंडावर दार लावलं, त्यांच्यासाठी दार उघडायचं काम त्यांनीच केलं.

त्याच शारदा सदनात गोदूबाई नावाची बालविधवा शिकत होती. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये तिच्याशी लग्न केलं आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. ही गोष्ट आपण शाळेत शिकतो. तिचं पुढचं प्रकरण मात्र शाळेत शिकवत नाहीत. कर्व्यांचा थोरला मुलगा रघुनाथ तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला. स्कॉटिश मिशनऱ्यांचं कॉलेज ते. १९२१ साली त्याने संततिनियमनाचं केंद्र उघडलं, त्यावर जाहीरपणे बोलू-लिहू लागला, आणि १९२५ मध्ये त्याला नोकरी सोडावी लागली. कॉलेजच्या चालकांना तो विषय सोसला नाही.

म्हणजे पाहा, सावत्र आईला एका ख्रिस्ती बाईच्या संस्थेने जवळ केलं आणि मुलाला ख्रिस्ती मिशनच्या संस्थेने दूर केलं. मधे तीस-बत्तीस वर्षं गेली. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती सार्वजनिक कार्याचे दोन्ही स्वभाव एकाच घराने अनुभवले. माझ्या मते पुढचं सगळं भांडण या दोन स्वभावांमधलं आहे. बायबल एकच आहे.

रघुनाथराव थांबले नाहीत. जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत चालवलं. वाचक त्यांना हस्तमैथुनाबद्दल विचारत, समसंभोगाबद्दल विचारत, आणि ते सरळ उत्तर देत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांना प्रामाणिक उत्तर देणं म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद. खटला ते हरले. पण समलिंगी माणसाबद्दल कुजबुज न करता बोलायचा हक्क मराठीत पहिल्यांदा कोणी मागितला असेल, तर तो या खटल्यात. बाबासाहेबांच्या जयंतीला आपण एवढी भाषणं करतो. हा खटला त्यांत क्वचितच येतो.

आता कायद्याकडे. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं भारतीय दंडविधानाचं कलम ३७७ मेकॉलेच्या मसुद्यातून आलं आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झालं. ज्या इंग्लंडने ते दिलं, तिथे १९५७ साली वोल्फेन्डेन समितीने खासगीतल्या संमतीच्या संबंधांना गुन्हा धरू नये असं सुचवलं, आणि कँटरबरीचे आर्चबिशप मायकेल रॅम्से यांनी सरदारांच्या सभागृहात या सुधारणेला पाठिंबा दिला. ते कृत्य पापच आहे हे त्यांचं मत कायम होतं. पाप म्हणून पोलिसांच्या हवाली करायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. १९६७ मध्ये तिथला कायदा बदलला. आपल्याकडे २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात मूळच्या सोलापूरच्या न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा आणि न्यायमूर्ती मुरलीधर यांनी कलमाचे दात काढले. लगेच सर्वोच्च न्यायालयात अपिलांची रांग लागली. त्या रांगेत कोण उभं होतं? एक ज्योतिषी, मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, मनुवादाचं नाव अभिमानाने लावणारा एक पक्ष आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून अपॉस्टोलिक चर्चेस अलायन्स व उत्कल ख्रिश्चन कौन्सिल. एरवी एकमेकांच्या हातचं पाणी न पिणारे एका विषयावर एकत्र आले. मनुस्मृतीने ज्यांना माणूस धरलं नाही, त्यांची नातवंडं आज महाराष्ट्रातल्या कितीतरी चर्चच्या बाकांवर बसतात. त्यांच्या चर्चच्या नावाने कोणी मनुवाद्यांच्या शेजारी उभं राहावं, याची मला लाज वाटली.

११ डिसेंबर २०१३ ला कलम परत आलं. त्या वेळी मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस म्हणाले की समलिंगी विवाहाला चर्चचा विरोध आहे, पण समलिंगी व्यक्तींना चर्चने गुन्हेगार कधीच मानलेलं नाही. नागपुरात मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय चर्च परिषदेने या प्रश्नावर चर्चा आणि अभ्यास चालू ठेवला. तेव्हा ‘ख्रिस्ती लोक विरोधात’ असं सरसकट लिहिणाऱ्या पुरोगामी मित्रांनी जरा हात आवरावा. कोर्टात जाणारा आवाज मोठा असतो, बाकावर बसलेल्याचा ऐकू येत नाही.

६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. तेव्हाही चर्चच्या काही संघटना विरोधात होत्याच. १७ ऑक्टोबर २०२३ ला विवाहाचा हक्क मात्र नाकारला गेला. शेजारच्या खेड तालुक्यातल्या कनेरसरच्या चंद्रचूड घराण्यातले तत्कालीन सरन्यायाधीश त्या पीठावर होते, आणि या जोडप्यांच्या नात्याला मान्यता मिळावी हे त्यांचं मत अल्पमतात गेलं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. वेदीपुढे कोणाचं लग्न लावायचं आणि कोणाला पाळकाची दीक्षा द्यायची, हा चर्चचा अधिकार आहे. तो सरकारने काढून घेऊ नये. आज महाराष्ट्रात प्रार्थनासभेवर जमाव चालून जाण्याची भीती असताना तर मुळीच नाही. पण ज्या समाजाला स्वतःच्या श्रद्धेसाठी राज्यघटनेचा आधार लागतो, त्याने दुसऱ्याला फौजदारी कलमात अडकवायला धावू नये. रमाबाईंनी कोणाला तुरुंगात घालण्यासाठी अर्ज केला नव्हता.

ख्रिस्ती नसलेल्या बाकीच्यांनी गालात हसू नये. चौफुल्याच्या तमाशा-कलाकेंद्रांपासून आपण काही लांब नाही. तमाशातल्या नाच्याला टाळ्या देणारे आपणच, आणि गणपत पाटलांसारख्या कसलेल्या नटाला पडद्याबाहेरही नाच्याच समजून छळणारेही आपणच. हे काही कोणत्या मिशनऱ्याने आपल्याला शिकवलं नाही.

समलिंगी माणसांबद्दल तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक लिहिलं, पुण्यात बिंदुमाधव खिरे वर्षानुवर्षं मराठीत लिहीत आहेत. पण रविवारी उपासनेला जाणारा, गायकवृंदात गाणारा आणि घरी गप्प राहणारा मराठी ख्रिस्ती समलिंगी मुलगा आपल्या कथेत जवळजवळ नाहीच. १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ आणि १९०३ पासून ‘निरोप्या’ ही नियतकालिकं चालवणाऱ्या ख्रिस्ती परंपरेला त्याचं पत्र छापायला जड जाऊ नये. इथे जमलेल्या संपादकांना माझी विनंती आहे की यंदाच्या दिवाळी अंकासाठी असं लिखाण मागवा, हवं तर नाव न छापता घ्या, आणि त्याला उत्तर द्यायला एखाद्या पाळकालाही बोलवा.