मनाचे दुखणे व आपला समाज
(वार्षिक संमेलनातील भाषण)



शिक्षण, नोकऱ्या, वनहक्क आणि विवाह या विषयांचा ऊहापोह आपण संमेलनात दरवर्षी करितो. मनाच्या दुखण्याविषयी मात्र या व्यासपीठावर क्वचितच शब्द निघतो. ज्या घरात हे दुखणे शिरले आहे त्या घरालाच त्याची वाच्यता नको असते. म्हणूनच आज मुद्दाम हा विषय घेतला आहे.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि आपली दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. २०१७ साली नव्या जागी पक्की घरे उभी राहिली. पडलेल्या घराचा पंचनामा होतो; वाचलेल्या माणसाच्या मनाची जी पडझड होते, तिचा पंचनामा कोणी करावयाचा? आणि अशी पडझड होण्यास दरडच कोसळावी लागते असे नाही. कर्ज, दारू, हंगामी मजुरीसाठीची वणवण, कोवळ्या वयात आश्रमशाळेत पडलेली आईची ताटातूट, यांनीही मन खचते.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आणि जिल्हा कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. परंतु जिल्ह्याचे ठिकाण आपल्या वाड्यांपासून किती दूर! राजूरहून अहिल्यानगर शंभर किलोमीटरांहून लांब आहे. रोग्याबरोबर घरातील एकाची तरी मजुरी बुडते. इतके करून पोहोचल्यावर डॉक्टर विचारतात, ‘उदास वाटते का?’ आमची माउली सांगते, ‘अंग मोडून येते, काळीज धडधडते, घास उतरत नाही.’ ती मनाचेच दुखणे सांगत असते, पण शरीराच्या भाषेत. ते ज्याला उमजत नाही, तो तिला ताकदीची गोळी देऊन वाटेला लावतो.

भगत मात्र घरी येतो. तो सर्व कुटुंबास एकत्र बसवितो, रात्र-रात्र जागतो, कुलदैवताचे नाव घेऊन धीर देतो. आपली माणसे प्रथम त्याच्याकडे जातात, यात नवल नाही आणि त्यांची हेटाळणी करण्याचेही कारण नाही. परंतु फेफरे, बाळंतपणानंतर भ्रमिष्टासारखी वागणारी सून, मरणाच्या गोष्टी बोलणारा तरुण, यांना औषधोपचार वेळेवर मिळालाच पाहिजे. भूत काढण्याच्या नावाखाली साखळदंडाने बांधणे व मारहाण करणे हा तर महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हाच आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे १८ वे कलम प्रत्येक घराने समजून घ्यावे. सेवा परवडणारी, जवळची व भेदभावरहित असावीच. शिवाय ती रोग्यास व त्याच्या कुटुंबीयांस रुचेल अशा रीतीने दिली जावी, असे ते कलम सांगते. तेव्हा आपल्या रीतीभाती सांभाळून उपचार मागणे ही याचना नव्हे, तो आपला हक्क आहे. असे करता येते याचा दाखलाही महाराष्ट्रात आहे. गडचिरोली जिल्ह्यातील शोधग्राम येथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गोंड बांधवांना विचारून रुग्णालय उभारिले. ते त्यांच्या वस्तीसारखे बांधिले आणि त्यास त्यांच्या दंतेश्वरी देवीचे नाव दिले. दवाखाना आपला वाटला, की पाऊल तिकडे आपोआप वळते.

यास्तव माझ्या चार सूचना आहेत. पहिली, तालुक्याच्या रुग्णालयात आठवडे बाजाराच्या दिवशी मनोविकारांची तपासणी व्हावी, असा ठराव याच संमेलनात करून तो जिल्हा शल्यचिकित्सकांकडे धाडावा. दुसरी, प्रत्येक वाडीतील एक आशाताई व एक शिकलेला तरुण यांना या कामाचे शिक्षण मिळावे. रोग्याबरोबर जाऊन त्याचे बोलणे डॉक्टरांस उलगडून सांगण्याचे काम त्यांनी करावे. तिसरी, भगत मंडळींशी सन्मानाने बोलणे करावे: देवाचे त्यांनी करावे, पण वर सांगितलेली लक्षणे दिसताच रोग्यास दवाखान्यात स्वतः पाठवावे. चौथी, २०२२ साली सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक प्रत्येक समाजमंदिराच्या व आश्रमशाळेच्या भिंतीवर लिहावा. तेथे मराठीतून बोलता येते.

शेवटची गोष्ट कटू आहे. आपल्या वधू-वर मेळाव्यांत ‘घराण्यात कोणी वेडे नाही ना?’ अशी कुजबुज चालते. त्या एका प्रश्नाच्या भयाने आईबाप लेकीचे दुखणे लपवितात आणि आठ दिवसांत आटोक्यात येणारा आजार आठ वर्षे चिघळतो. वाट बिकट आहे, डॉक्टर थोडे आहेत, हे दोष सरकारच्या पदरी घालता येतील. ही कुजबुज मात्र सर्वस्वी आपली आहे, आणि ती थांबविण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही. उपचार घेऊन बऱ्या झालेल्या मुलीस सून म्हणून सन्मानाने घरात आणणारी दहा घरे जरी या समाजात निघाली, तरी शंभर घरांची कवाडे उघडतील.