दोष सांगावा कसा?



पावसाळ्यात सांगलीकर 'पाणी फार चढले का हो?' असे विचारीत नाहीत. 'आयर्विनवर किती फूट?' असे विचारतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांवर गेले. जागा आणि आकडा कळला, की प्रत्येकाला आपले काम कळते. आमचा आजचा विषय संगणकाचा असला, तरी त्याचे मर्म हेच आहे.

साताऱ्याभोवती दऱ्या पुष्कळ. पण संगणकाच्या एखाद्या आज्ञावलीत रकार जोडण्याची चूक राहिली, तर 'दऱ्या'चे 'दर्या' होते आणि सह्याद्रीत समुद्र शिरतो! आपण हसतो, चहाबरोबर त्या आज्ञावलीला चार शब्द सुनावतो आणि विसरतो. ज्याने ती लिहिली, त्याच्या कानी मात्र काहीच जात नाही.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या मुक्त संगणकप्रणालीत यासाठी 'रिपोर्टबग' नावाचे साधन आहे. टर्मिनलच्या पडद्यावर हा शब्द टंकून एंटर दाबावे. ते प्रथम विचारते, दोष कोणत्या आज्ञावलीत? मग तिच्याविषयी आधी आलेल्या तक्रारी दाखवते, म्हणजे पुनरुक्ती टळते. नंतर दोष किती गंभीर, हे विचारते. आज्ञावलीची आवृत्ती, यंत्राचा प्रकार, भाषेची मांडणी हे सारे ते स्वतःच टिपून घेते. आपण तीनच गोष्टी सांगावयाच्या: काय केले, काय व्हावयास हवे होते, आणि काय झाले. पत्र ई-मेलने जाते, तक्रारीला क्रमांक मिळतो. आपल्या ई-मेलच्या पत्त्यासह ती जगापुढे उघडी राहते. तेव्हा खाजगी मजकूर तीत घालू नये.

दोष लपविणार नाही, असे वचन डेबियनने १९९७ च्या आपल्या सामाजिक करारात दिले आहे. पण कोणी सांगितलाच नाही, तर ते उघड तरी काय करणार? तक्रार इंग्रजीत लिहावी लागते, हे खरे. तथापि तिला अलंकार लागत नाहीत. साधी वाक्ये पुरतात. ती लिहिताना अडले, तर आपल्या घरातील वा शेजारचा एखादा विद्यार्थी मदतीस घ्यावा.

मराठी अक्षर मोडले, हे मराठी डोळ्यालाच आधी खुपणार. म्हणून ते सांगण्याचे काम आम्ही आपल्या सर्वांचे समजतो.