शाळेतील धर्मशिक्षण आणि लोकमताचा कौल

सरकारी शाळेत धर्मशिक्षण असावे की नसावे, हा प्रश्न कायदेमंडळाबाहेर काढून थेट लोकांपुढे ठेवण्याचे धैर्य ज्या मुलखांनी दाखविले, त्यांत दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीचा मान मोठा आहे. तेथे १८७५ च्या कायद्याने शिक्षण सक्तीचे व धर्मनिरपेक्ष केले होते. पुढे १८९६ च्या एप्रिलमध्ये, सार्वत्रिक निवडणुकीच्याच दिवशी, मतदारांस तीन सवाल विचारण्यात आले : चालू व्यवस्था कायम ठेवावी काय, शाळेच्या वेळात बायबलचे पाठ द्यावेत काय, आणि पंथीय शाळांना सरकारी खजिन्यातून अनुदान मिळावे काय. नुकताच मताधिकार लाभलेल्या स्त्रियाही त्या दिवशी प्रथमच मतदानास आल्या, ही गोष्ट मला विशेष मोलाची वाटते. कारण ज्या मुलांविषयी हा निवाडा व्हावयाचा, त्यांच्या माता त्यात सहभागी होत्या. कौल निःसंदिग्ध आला : पहिल्या प्रश्नास होकार, उरलेल्या दोहोंस नकार.

ऑस्ट्रेलियातीलच क्वीन्सलंडच्या मतदारांनी १९१० साली नेमका उलट निर्णय दिला, आणि त्याच वर्षी तेथील कायदा दुरुस्त होऊन शाळांना बायबलचे पाठ खुले झाले. मात्र आपल्या पाल्यास त्या तासातून वगळण्याचा हक्क पालकांकडे राहिला, आणि माझ्या मते त्या कायद्यातील हीच तरतूद सर्वांत न्याय्य होय.